गोदीच्या जमिनीवर मिश्र वापराचे झोनिंग कसे आखावे : मुंबईच्या पूर्व किनाऱ्याच्या आधारे

मुंबईचा पश्चिम किनारा सगळ्यांच्या ओळखीचा आहे. पूर्वेचा किनारा मात्र शंभर-सव्वाशे वर्षे कुंपणाआड राहिला. बॉम्बे पोर्ट ट्रस्टची स्थापना १८७३ साली झाली, १८८० मध्ये प्रिन्सेस डॉक सुरू झाला, पाठोपाठ व्हिक्टोरिया डॉक आला आणि १९१४ मध्ये अलेक्झांड्रा डॉक, म्हणजे आजची इंदिरा गोदी. गोद्यांच्या आधाराने वखारी, दाणाबंदर, कॉटन ग्रीनची कापूस गोदामे, दारूखान्यातील जहाजतोडणी आणि माझगाव-शिवडीची कारखानदारी वाढली. १९८९ मध्ये खाडीपलीकडे न्हावा शेवा बंदर सुरू झाल्यावर कंटेनरचा धंदा हळूहळू तिकडे गेला. जमीन तेवढी इथे राहिली.

केंद्र सरकारने २०१४ मध्ये राणी जाधव यांच्या अध्यक्षतेखाली या जमिनीच्या वापराविषयी समिती नेमली. २०१८ मध्ये पोर्ट ट्रस्टला विशेष नियोजन प्राधिकरणाचा, म्हणजे या जमिनीचा आराखडा स्वतः करण्याचा, दर्जा मिळाला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस सुमारे ९६६ हेक्टर क्षेत्राचा नियोजन प्रस्ताव मसुद्याच्या रूपात लोकांपुढे आला. त्या प्रस्तावाचे गुणदोष हा या लेखाचा विषय नाही. उद्योगाखालची अशी किनारी जमीन निवास, व्यापार, उद्योग आणि करमणूक यांच्यासाठी एकत्र खुली करायची असेल, तर झोनिंगचे, म्हणजे कोणत्या जागी कोणता वापर चालेल हे ठरवणारे, नियम कोणत्या क्रमाने लिहावेत आणि तपासावेत, एवढेच येथे मांडायचे आहे. नियम लिहिणारा नगररचनाकार आणि त्यावर हरकत घेणारा रहिवासी या दोघांनाही हा क्रम उपयोगी पडावा.

माझे मत आधीच सांगून टाकतो. आपल्याकडे अशा कामाची सुरुवात चटई क्षेत्र निर्देशांकाने, म्हणजे एफएसआयने (भूखंडाच्या किती पट बांधकाम करता येईल त्या आकड्याने) होते, आणि तिथेच घोटाळा होतो. सुरुवात पाण्यापासून करावी, मग जमीन, मग वापर, आणि मजल्यांचा हिशेब सर्वांत शेवटी.

पायरी पहिली : जमीन कोणाची आणि कायदा कोणता

झोन बदलल्याने मालकी बदलत नाही. ही बाब साधी असली तरी चर्चेत सर्वप्रथम तिचाच विसर पडतो. पूर्व किनाऱ्यावरची बहुतेक जमीन बंदराची, म्हणजे केंद्राच्या अखत्यारीतील आहे आणि तिचे असंख्य तुकडे भाडेपट्ट्याने दिलेले आहेत. काही पट्टे चालू आहेत, काहींची मुदत संपली आहे, काहींत मूळ पट्टेदाराने पोटभाडेकरू ठेवले आहेत आणि त्यांनी आणखी कोणाला गाळे दिले आहेत. भाडेवाढीचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन २००४ मध्ये त्यावर निकाल झाला, तरीही जागेवरची गुंतागुंत संपलेली नाही. म्हणून प्रत्येक भूखंडासमोर चार गोष्टी लिहिलेला तक्ता आधी तयार करावा : पट्ट्याची मुदत, पट्ट्यात नमूद केलेला वापर, प्रत्यक्षातील वापर आणि ताब्यात असलेली व्यक्ती. झोन निवासी दाखवला आणि पट्ट्यात ‘फक्त कोळशाची वखार’ असे लिहिलेले असले, तर पट्टा बदलल्याशिवाय तो रंग कागदावरच राहतो.

कायद्यांचे थर एकमेकांवर कसे बसतात, हेही याच वेळी पाहावे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ४० खाली विशेष नियोजन प्राधिकरण नेमले जाते. शेजारच्या क्षेत्राला महापालिकेची विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली २०३४ लागू असते. वर सागरी किनारा नियमन क्षेत्राची, म्हणजे सीआरझेडची, २०१९ ची केंद्रीय अधिसूचना येते. बॅलार्ड इस्टेटसारख्या भागात वारसा नियम येतात. आणि मोठ्या बंदरांसाठीचा २०२१ चा कायदा आहे, ज्याखाली पोर्ट ट्रस्टचे पोर्ट ऑथॉरिटी झाले. या सर्वांत जो नियम सर्वांत कडक असेल तोच प्रत्यक्षात चालतो, हे गृहीत धरून प्रत्येक भूखंडाला कोणता नियम आवळतो ते नकाशावर वेगळ्या रेषेने दाखवावे.

पायरी दुसरी : वापराची नोंद पायी फिरून करावी

विद्यमान भूवापराचा नकाशा जांभळ्या रंगात ‘औद्योगिक’ असे सांगतो आणि गप्प बसतो. त्या जांभळ्याच्या आत काय चालते हे पाहण्यासाठी एकाच जागी तीन वेगवेगळ्या वेळी जावे लागते.

भाऊच्या धक्क्याचे उदाहरण घ्या. दुपारी अकराला गेलात, तर अर्धी रिकामी जेट्टी, रेवसच्या लाँचसाठी थांबलेले प्रवासी आणि वाळत घातलेली जाळी दिसतील. सर्वेक्षक ‘कमी वापरातील जागा’ असा शेरा मारून मोकळा होईल. तीच जागा पहाटे पाहावी. बोटी एकमेकींना खेटून लागलेल्या असतात, टोपल्या हातोहात वर येतात, लिलावाचा गलका चालू असतो, बर्फाच्या लाद्या क्रशरमध्ये पडताना कानठळ्या बसतात आणि टेम्पो उलटे लावायला जागा नसल्यामुळे त्यांची रांग रस्त्यावर गेलेली असते. कोळी बायकांच्या पाट्या भरून बाजारांकडे निघतात आणि काही तासांत हे सारे ओसरते. या धंद्याला धक्का लागतो, डिझेल लागते, बर्फ लागतो, जाळी दुरुस्त करायला मोकळी जमीन लागते आणि टेम्पो वळवायला जागा लागते. यांतली एक गोष्ट जरी दोन किलोमीटर मागे सरकवली, तरी धक्का नावापुरता उरेल.

फिरताना प्रत्येक आस्थापनेसाठी कामाच्या वेळा, कामगारसंख्या, येणाऱ्या वाहनांचा आकार, आवाज, वास, ज्वलनशील साठा आणि पाण्याशी असलेला संबंध टिपून घ्यावा. मग नोंदींचे तीन गठ्ठे करावेत. पहिल्या गठ्ठ्यात पाण्यावाचून ज्यांचे चालतच नाही ते वापर येतात : मासेमारीचे धक्के, बोटदुरुस्ती, फेरी, गोदी, नौदल आणि जहाजबांधणी. दुसऱ्यात शहराच्या पोटाशी राहणे ज्यांना भाग आहे ते येतात : धान्याचा घाऊक व्यापार, शीतगृहे, गॅरेज, पत्रा-लोखंडाची कापणी, सुटे भाग बनवणारे छोटे कारखाने. त्यांचे गिऱ्हाईक आणि कामगार दोन्ही जवळ राहतात. ते पन्नास किलोमीटरवर गेले की मोडतात. तिसऱ्या गठ्ठ्यात कुठेही जाऊ शकणारे वापर : भंगाराचे साठे, रिकामी गोदामे, वाहनतळ. नव्या विकासासाठी जमीन शोधायची ती आधी या तिसऱ्या गठ्ठ्यातून.

पायरी तिसरी : पाणी, पातळी आणि जमिनीच्या पोटातले

झोनिंगच्या नकाशावर उंची दिसत नाही, आणि भराव घालून मिळवलेल्या जमिनीवर उंची हाच मुख्य नियम असतो. मुंबईत पातळ्या अजूनही टाउन हॉल डेटमने, म्हणजे शहराच्या जुन्या ठरीव संदर्भ पातळीवरून, मोजल्या जातात. सखल भूखंड ९२ फूट टाउन हॉल डेटमपर्यंत किंवा लगतच्या रस्त्याच्या सहा इंच वर, यांपैकी जे जास्त असेल तेवढा भरून घ्यावा, ही बांधकाम परवानगीतील नेहमीची अट आहे. आता एका भूखंडाने भराव घातला आणि शेजारच्या जुन्या वखारीने घातला नाही, तर पावसाचे पाणी कुठे जाईल, हे सांगायला अभियंता लागत नाही. मिश्र वापरात ही अडचण दुप्पट होते, कारण नवे मनोरे वर आणि जुने गाळे, वस्त्या, बाजार खाली असे चित्र तयार होते. त्यामुळे पातळीचा नियम भूखंडागणिक न ठेवता रस्ते, पर्जन्यवाहिन्या आणि भूखंड यांचा एकत्रित पातळी-आराखडा झोनिंगचा भाग म्हणून मंजूर करून घ्यावा.

भरतीचा विचारही इथेच करावा. मोठ्या भरतीच्या वेळी वाहिन्यांची मुखे पाण्याखाली जातात आणि त्याच वेळी जोराचा पाऊस असला, तर पाणी उलटे चढते. रे रोडजवळचे ब्रिटानिया उदंचन केंद्र, म्हणजे पावसाचे पाणी उपसून समुद्रात टाकणारे केंद्र, यासाठीच बांधावे लागले. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा भरतीची वेळ काय होती हे शहराला वेगळे सांगावे लागले नाही. हाफेनसिटी या हॅम्बुर्गच्या जुन्या बंदरावरील १५७ हेक्टरच्या प्रकल्पात यावर एक सरळ तोडगा निघाला : इमारतींची जोती समुद्रसपाटीपासून साधारण ८ ते ९ मीटर उंच, जोत्याच्या पोटात वाहनतळ, आणि पाण्याकाठचा फिरण्याचा मार्ग मुद्दाम खाली, पूर आला तर बुडेल असा. आपल्याकडे आकडे वेगळे असतील, पण ‘काय बुडू द्यायचे आणि काय नाही’ हे नियमातच लिहून ठेवण्याची पद्धत उचलण्यासारखी आहे. विजेचे उपकेंद्र, जनरेटर, उदंचन संच आणि दवाखान्याचा तळमजला बुडणाऱ्या पातळीवर नको, हे एक वाक्य नियमावलीत असले तरी पुष्कळ झाले.

सीआरझेडच्या रेषा यानंतर चढवाव्यात. समुद्रकाठी भरती रेषेपासून ५०० मीटरपर्यंत आणि भरतीचा प्रभाव असलेल्या खाडीकाठी, २०१९ च्या अधिसूचनेनुसार, ५० मीटर किंवा खाडीची रुंदी यांपैकी जे कमी ते, अशी ही पट्टी आहे. बांधीव शहरी भाग सीआरझेड-२ मध्ये येतो आणि तिथे विद्यमान रस्त्याच्या किंवा अधिकृत बांधकामाच्या समुद्राकडील बाजूस नवी इमारत उभी करता येत नाही. पाण्याच्या बाजूने नवा रस्ता काढून त्याच्या आतली जमीन मोकळी करून घेण्याची युक्तीही अधिसूचनेने बंद केली आहे. नियोजन प्रस्तावात किनाऱ्यालगत नवा रस्ता दाखवलेला दिसला, तर त्याच्या आतल्या बाजूला कोणता रंग दिला आहे, ते आधी पाहावे. शिवडीच्या दलदलीत कांदळवने आहेत आणि रोहित पक्षी येतात. १,००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या कांदळवनाभोवती ५० मीटरचा संरक्षक पट्टा सोडावा लागतो. तो पट्टा उद्यानाच्या क्षेत्रफळात मोजून ‘मोकळी जागा दिली’ असे दाखवणे अयोग्य आहे, कारण तिथे मूल चेंडू खेळू शकत नाही.

उरते ते जमिनीच्या पोटातले. जहाजतोडणी, रंगकाम, तेलसाठा आणि कोळसा यांखालच्या मातीत जड धातू, तेल आणि ॲस्बेस्टॉस सापडण्याची शक्यता असते. केंद्राने दूषित जागांच्या व्यवस्थापनासाठी २०२५ मध्ये स्वतंत्र नियम केले आहेत. झोनिंगमध्ये याची सांगड अशी घालावी : मातीची तपासणी आणि शुद्धीकरण पूर्ण झाल्याचा दाखला मिळेपर्यंत त्या भूखंडाचा झोन ‘स्थगित’ राहील, आणि घर, शाळा, बालवाडी यांसाठी लागणारी पातळी गोदामासाठी लागणाऱ्या पातळीपेक्षा कडक असेल. शुद्धीकरणाचा खर्च कोणाचा, हे पट्ट्याच्या अटींत आधीच ठरलेले बरे.

पायरी चौथी : एकच ‘मिश्र’ झोन काढू नये

सगळ्या पट्टीला एक रंग देऊन ‘मिश्र वापर’ लिहिणे सोपे असते. परंतु बाजारात निवासी चटई क्षेत्राचा भाव कारखान्याच्या चटई क्षेत्रापेक्षा कितीतरी जास्त असतो. त्यामुळे जिथे दोन्हींना परवानगी असते तिथे काही वर्षांत फक्त घरे उरतात आणि तळमजल्यावर एखादी बँक. मिश्रण टिकवायचे असेल, तर ते नियमाने टिकवावे लागते.

किमान चार उपझोन करावेत. पहिला, काठाचा सार्वजनिक पट्टा : अखंड, खासगी कुंपणाविना, ठरावीक रुंदीचा आणि चोवीस तास खुला. दुसरा, कामाचा काठ : पहिल्या गठ्ठ्यातील वापरांसाठी राखीव, जिथे घरे नाहीत आणि जिथे सार्वजनिक पट्टा कामाच्या मागून वळसा घेतो. हे वळण अनेकांना खटकते, पण मासळी उतरवणाऱ्या हातगाड्यांमधून सकाळी धावण्याचा मार्ग काढणे दोघांच्याही सोयीचे नाही. तिसरा, उत्पादन-मिश्र : खाली गाळे, शीतगृहे, घाऊक व्यापार, वर कचेऱ्या आणि काही ठिकाणी कामगारांची घरे. चौथा, निवास-मिश्र : रेल्वे स्थानकांच्या चालण्याच्या अंतरात.

उपझोनांच्या सीमा रस्त्याच्या मधोमध काढण्याची सवय असते, आणि मग समोरासमोर घर आणि कटिंग मशीन येते. भूखंडांच्या मागच्या हद्दीवरून सीमा काढली, तर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना एकसारखा वापर राहतो आणि भांडण मागच्या भिंतीपाशी मर्यादित राहते.

आवाजाचा मुद्दा इथे काळजीने हाताळायला हवा. ध्वनिप्रदूषण नियम, २००० मध्ये औद्योगिक क्षेत्रासाठी दिवसा ७५ व रात्री ७० डेसिबल, व्यापारी क्षेत्रासाठी ६५ व ५५, निवासीसाठी ५५ व ४५ आणि शांतता क्षेत्रासाठी ५० व ४० अशा मर्यादा आहेत. ‘मिश्र’ नावाचे क्षेत्र त्या तक्त्यात नाहीच. मिश्र भागाला या चारांपैकी कोणत्या वर्गात धरायचे, ते सक्षम प्राधिकरणाने जाहीर करायचे असते. ते जाहीर न करता घरांना परवानगी दिली, तर चौथ्या मजल्यावर नव्याने राहायला आलेला माणूस पहाटेच्या बर्फाच्या क्रशरविरुद्ध तक्रार करतो, आणि साठ वर्षे तिथे असलेला धंदा गुन्हेगार ठरतो. म्हणून उत्पादन-मिश्र उपझोन व्यापारी वर्गात धरल्याचे झोनिंगबरोबरच जाहीर करावे, नव्या इमारतीला दुहेरी काचेच्या खिडक्या बंधनकारक कराव्यात आणि ‘शेजारी रात्री काम चालते’ ही नोंद विक्री करारात घालण्याची अट ठेवावी. नंतर आलेल्याने आधीच्याला सांभाळून घ्यायचे, हे तत्त्व नियमात शब्दांत हवे.

धोक्याच्या साठ्यांबाबत मात्र सांभाळून घेण्याचा प्रश्नच नाही. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाचा स्फोट झाला, तेव्हा एकाच जहाजात दारूगोळा आणि कापसाच्या गाठी भरलेल्या होत्या. आगीने गोदी ओलांडून वस्त्या खाल्ल्या. १४ एप्रिल हा दिवस अग्निशमन सेवा दिन म्हणून आजही पाळला जातो. तेलाच्या टाक्या, वाहिन्या आणि रसायनांचे साठे यांच्याभोवतीचे सुरक्षा अंतर नकाशावर आखून त्यात घरे, शाळा आणि रुग्णालये पूर्णपणे वर्ज्य करावीत. साठा हलवण्याचे ठरले असले, तरी तो प्रत्यक्षात हलेपर्यंत ते वर्तुळ पुसू नये.

पायरी पाचवी : व्याख्या आणि वापरांचा तक्ता

झोनिंगचा खरा नकाशा रंगांचा नसतो, शब्दांचा असतो. याचे मुंबईतले सर्वांत महागडे उदाहरण गिरण्यांच्या जमिनीचे आहे. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील नियम ५८ नुसार गिरण्यांच्या जमिनीचे साधारण तीन वाटे व्हायचे होते : एक महापालिकेच्या मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाच्या घरांसाठी आणि एक मालकासाठी. २००१ मधील बदलानंतर वाटणी संपूर्ण जमिनीची न राहता केवळ आधीपासून रिकाम्या असलेल्या जमिनीची झाली. गिरणीच्या इमारती पाडून मोकळी होणारी जमीन वाटणीबाहेर गेली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा बदल कायम ठेवला. गिरण्यांच्या जमिनी सुमारे ६०० एकर होत्या. ‘मोकळी जमीन’ या दोन शब्दांच्या अर्थावर गिरणगावातील मैदानांचा आणि घरांचा फैसला झाला.

त्यामुळे गोदीच्या जमिनीसाठी पुढील शब्दांच्या व्याख्या आधी लिहाव्यात : एकूण भूखंड, निव्वळ भूखंड, मोकळी जमीन, सार्वजनिक प्रवेश, उत्पादन, सेवा उद्योग, गोदाम आणि विद्यमान वापर. ‘सार्वजनिक प्रवेश’ म्हणजे फाटकाविना, शुल्काविना आणि ओळखपत्राविना, असे स्पष्ट न लिहिल्यास पाच वर्षांत तिथे सुरक्षारक्षकाची खुर्ची येते. ‘उत्पादन’ या शब्दात बेकरी, जाळी विणणे, बोटीचे इंजिन दुरुस्त करणे आणि कपडे शिवणे येते की नाही, हे अधिकाऱ्याच्या मर्जीवर सोडू नये.

तक्त्यात तीन रकाने पुरतात : मुभा असलेले, अटींवर मुभा असलेले, आणि वर्ज्य. अटी मोजता येतील अशाच ठेवाव्यात. ‘उपद्रव होणार नाही अशा रीतीने’ ही अट कोणालाच बांधत नाही. ‘हद्दीवर रात्री ५५ डेसिबलपर्यंत’ ही बांधते. उत्पादन-मिश्र उपझोनात एकूण चटई क्षेत्राचा ठरावीक किमान हिस्सा उत्पादनासाठीच राहील, तो निवासी वापरात बदलता येणार नाही, आणि त्या हिश्श्याला भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्याखेरीज वरच्या घरांना मिळणार नाही, अशी साखळी घालावी. तळमजल्याची उंची, मालवाहू लिफ्ट आणि टेम्पो आत घेऊन वळवण्याची जागा हेही नियमातच हवे. साडेनऊ फूट उंचीच्या तळमजल्यावर कोणतेही शीतगृह चालत नाही. तिथे शेवटी मोबाइलचे दुकानच येते.

पायरी सहावी : आता एफएसआय

एक काल्पनिक हिशेब मांडतो. ४०,००० चौरस मीटरचा भूखंड आहे, पाण्याकडील बाजू २०० मीटर लांब आहे. काठाचा २० मीटर रुंद सार्वजनिक पट्टा काढला, की ४,००० चौरस मीटर गेले. रस्त्यांना ८,००० आणि उद्यान-मैदानाला ६,००० दिले. निव्वळ २२,००० उरले. निर्देशांक ३ ठरला आणि तो एकूण भूखंडावर धरला, तर १,२०,००० चौरस मीटर बांधता येतात. निव्वळ भूखंडावर धरला, तर ६६,०००. फरक ५४,००० चौरस मीटरचा आहे. प्रत्येकी ६० चौरस मीटर धरले, तर ही ९०० घरे झाली. निर्देशांकाच्या आकड्यावर सभांमध्ये तासन्‌तास वाद होतो, आणि तो कशावर मोजायचा ते तळटीपेत असते. आधी तळटीप वाचावी.

माझ्या मते सार्वजनिक पट्टा आणि रस्त्यांच्या जमिनीचा निर्देशांक ठरावीक प्रमाणात भूखंडावर वापरू देण्यास हरकत नाही, कारण त्याशिवाय ती जमीन हातात येत नाही. मात्र त्यावर उंचीची आणि इमारतींमधील अंतराची मर्यादा असावी. हार्बर रेल्वेपासून पाण्यापर्यंत जाणारे रस्ते सरळ आणि मोकळे ठेवावेत, म्हणजे वारा आणि दृष्टी दोन्ही शहरात येतील. रेल्वे ओलांडण्याच्या जागा आधीच मोजक्या आहेत. प्रत्येक नव्या ओलांडणीसाठी आरक्षण नकाशावर आत्ताच टाकावे. कॉटन ग्रीन आणि बॅलार्ड इस्टेटमधील वारसा इमारतींचा न वापरलेला निर्देशांक हस्तांतरित करता येत असेल, तर तो त्याच पूर्व किनाऱ्यावर कुठे उतरेल हेही ठरवावे. अन्यथा तो टीडीआर, म्हणजे हस्तांतरणीय विकास हक्क, उपनगरात जाऊन पडू शकतो.

पायरी सातवी : आज तिथे राहणारे आणि काम करणारे

कौला बंदरसारख्या वस्त्या दोन-तीन पिढ्यांच्या आहेत. जमीन केंद्राची असल्यामुळे राज्याची झोपडपट्टी पुनर्वसन योजना त्यांना आपोआप लागू होत नाही. झोनिंगमध्ये या वस्त्यांच्या जागेवर उद्यानाचा हिरवा रंग टाकून प्रश्न सुटला असे मानण्याचा मोह होतो. त्याऐवजी पुनर्वसनासाठी निश्चित भूखंड, निश्चित चटई क्षेत्र आणि निश्चित टप्पा नकाशावर दाखवावा, तोही त्याच पट्टीत, कारण तिथल्या लोकांचे काम धक्क्यावर आणि वखारींत आहे. कारखाना बंद करून जमिनीचा वापर बदलायचा असेल, तर कामगारांची देणी चुकती झाल्याचा कामगार आयुक्तांचा दाखला लागतो. ही अट पट्टेदारांच्या गोदामांमधील हमाल-माथाडी कामगारांनाही लागू होईल अशी शब्दरचना करावी.

पायरी आठवी : क्रम आणि टप्पे

न्यूयॉर्कच्या ग्रीनपॉइंट-विल्यम्सबर्ग भागाचे २००५ साली नवे झोनिंग झाले. ईस्ट नदीकाठची कारखान्यांची जमीन निवासी झाली आणि त्या बदल्यात बुशविक इनलेट येथे मोठे उद्यान देण्याचे ठरले. परंतु उद्यानाची जमीन आधी ताब्यात घेतली नव्हती. झोन बदलताच भाव चढले, आणि शेवटचा मोठा तुकडा शहराने २०१६ मध्ये १६ कोटी डॉलरला घेण्याचे मान्य केले. मनोरे तोवर राहते झाले होते. पूर्व किनाऱ्यावर ही चूक टाळणे त्या मानाने सोपे आहे, कारण बहुतेक जमीन एकाच सार्वजनिक संस्थेची आहे. म्हणून सार्वजनिक पट्टा, मैदाने आणि पुनर्वसनाचे भूखंड झोनिंगच्या अधिसूचनेबरोबरच मोजून, खुणा रोवून वेगळे काढावेत.

प्रत्येक टप्प्याला कळ असावी : अमुक उदंचन केंद्र चालू झाल्याशिवाय आणि अमुक पूल खुला झाल्याशिवाय पुढच्या टप्प्याची बांधकाम परवानगी नाही. दरम्यानच्या काळात रिकाम्या शेडचा तात्पुरता वापर करू द्यावा, मात्र मुदत आणि मोकळे करून देण्याची हमी लिहून घेऊनच.

पायरी नववी : हरकत कशी लिहावी

मसुदा प्रसिद्ध झाल्यावर हरकती व सूचनांसाठी मिळणारी मुदत थोडी असते. अधिसूचनेतील शेवटची तारीख आधी टिपून ठेवावी. हरकतीत भावना कमी आणि नियमाचा क्रमांक जास्त असावा. नमुन्यादाखल : ‘मसुद्यातील अमुक क्रमांकाच्या नियमात सार्वजनिक प्रवेशाची व्याख्या नाही. तेथे “सूर्योदयापूर्वी व सूर्यास्तानंतरही, फाटक, शुल्क अथवा ओळखपत्र यांविना खुला असलेला” हे शब्द घालावेत. अमुक नकाशातील धक्क्यालगतचा भूखंड निवास-मिश्र दाखवला असून त्यावर आज बर्फ कारखाना व जाळी दुरुस्तीची जागा आहे. तो कामाच्या काठात घ्यावा. सोबत छायाचित्रे व वेळांची नोंद जोडली आहे.’ एका पत्रात एकच मुद्दा ठेवावा, म्हणजे सुनावणीच्या अहवालात त्याला स्वतंत्र क्रमांक मिळतो आणि तो ‘इतर’मध्ये बुडत नाही.

पत्र दोन प्रतींत न्यावे, आवक शिक्का आणि तारीख असलेली पोच घ्यावी. सुनावणीला जाताना नकाशाची रंगीत छापील प्रत आणि पहाटे काढलेली छायाचित्रे जवळ ठेवावीत. तिथला पडदा बहुधा इतका लहान असतो, की आपला भूखंड त्यावर शोधण्यातच दिलेली पाच मिनिटे जातात.